केलं म्हणजे करतोय

ठाकुर्लीच्या रुचिता मांडवकरला माणसांचा राग यायचा. एखाददुसऱ्या माणसाचा नव्हे, सरसकट. पाच मिनिटांत येतो म्हणून संध्याकाळी उगवणारा प्लंबर, 'करतो ना, मॅडम' म्हणून काहीच न करणारा सोसायटीचा सेक्रेटरी, 'पाठवलंच आहे बघा' असं फोनवर सांगून मग पाकीट शोधायला लागणारा कुरिअरवाला, सगळे तिच्या लेखी सारखेच नालायक. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम बसलेला असे आणि तिथून त्याला उठवायची हिंमत घरात कोणाची नव्हती. तिची आजी हौसाबाई म्हणायची, "हिला कुठं द्यायची नाय. समोरच्यांनी काय पाप केलंय?"

तिला विमानं आवडली ती यामुळेच. विमानाचा काटा जे आहे ते दाखवतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो गोड बोलत नाही. परवाना मिळवून ती दोन वर्षं घरी बसली होती. परवान्याचे पैसे कसे जमवले, हा विषय त्या घरात रोज निघायचा तेवढा पुरे, इथे नको. मग एका कंपनीने तिची निवड केली आणि खरी परीक्षा समोर आली. छोटं शिकाऊ विमान उडवता येणं वेगळं आणि दोनशे माणसांचं दोन इंजिनांचं धूड उडवता येणं वेगळं. त्या एका जातीच्या विमानाचं स्वतंत्र शिक्षण असतं, त्याला टाइप ट्रेनिंग म्हणतात. तिथे शिकवतात असा बाहेरच्यांचा समज असतो. तिथे शिकवत नाहीत. तुम्ही घरून काय घोकून आलात ते बघतात, आणि नसाल घोकून आलात तर तुमच्याकडे असं बघतात की आईबापांची आठवण यावी.

म्हणून रुचिता आधीच अभ्यासाला लागली होती. कॉकपिटचा अख्खा नकाशा तिने मोठ्या कागदांवर छापून आणला आणि लोखंडी कपाटाच्या दारांवर चिकटवला. समोर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. मध्ये चपलांचं खोकं, त्याला दोन चिरा पाडून खोचलेले दोन कलथे, ती इंजिनांची ताकद कमीजास्त करायची दांडकी. ती खुर्चीत बसून कागदावरच्या बटणांवर क्रमाने बोटं ठेवत जायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. तिचे वडील महिपत यांना कपाटातला शर्ट हवा असला की ते दारातून विचारायचे, "उघडू का गं?"

"नको. इंजिन चालू आहे."

बिचारे आदल्या दिवशीचाच शर्ट घालून जायचे.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट चौकात लटकत होती. प्रभागातून उभं राहायची तयारी करणाऱ्या दौलतदादांनी तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता. 'ठाकुर्लीची कन्या कु. रुचिता महिपत मांडवकर वैमानिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तिचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि दौलतदादांचा दाराएवढा. पण तिला बोचायचा तो 'झाल्याबद्दल'. अजून काहीही झालेलं नव्हतं. ट्रेनिंगच्या आधी त्याच केंद्रावर एक चाळणी परीक्षा होती आणि ती जोडीने पार करायची होती. कॉकपिटमध्ये दोघं बसतात, म्हणून शिकणारेही जोडीजोडीने घेतात. एकाचं गाडं अडलं की दोघंही पुढच्या बॅचला, आणि पुढची बॅच कधी हे विचारलं की केंद्रातली मुलगी नुसती हसायची. पुन्हा दोन वर्षं घरी बसायचं आणि त्या फ्लेक्सखालून ये-जा करायची या विचारानेच रुचिताचं डोकं तापायचं.

जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला आला अनिमेष प्रधान. ठाण्यातल्या बाळकुमच्या नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा, गोरागोमटा, गोड बोलणारा. वडील बाहेरदेशी, आई मंदाकिनी मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. पोराला जन्मात कोणी 'चुकलास' म्हणालं नसावं असं त्याच्या चालण्यावरूनच कळायचं. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, "ठाकुर्ली म्हणजे डोंबिवलीच ना?"

"नाही," रुचिता म्हणाली. "ठाकुर्ली म्हणजे ठाकुर्ली."

मैत्री तिथेच संपली. पण चाळणीची तारीख दोघांची एकच होती. त्याच्याकडे अभ्यासाला वेगळी खोली होती, म्हणून रुचिता स्कूटर काढून माणकोलीच्या पुलावरून बाळकुमला जायला लागली. लिफ्टमध्ये चढताना तिच्या कपाळावर जी आठी पडायची, ती परत खाली येईपर्यंत जायची नाही. मंदाकिनीबाईंनी पहिल्या दिवशी बशीसकट कपातून चहा दिला आणि प्रेमाने विचारलं, "तुमच्याकडे याआधी कुणी होतं का गं या क्षेत्रात?"

"आमच्याकडे याआधी कोणी विमानात पण बसलं नव्हतं, काकू."

"वा, कौतुक आहे हो," बाई म्हणाल्या, पण चेहऱ्यावर कौतुकाऐवजी काळजी होती, आणि ती काळजी आपल्या लेकाची होती.

आता अनिमेषचं. पोरगा मठ्ठ नव्हता. पाठांतर चोख, इंग्रजी उच्चार असे की ऐकत राहावं. पण एक खोड होती. दोघं इंग्रजीतले ठरलेले शब्द म्हणत सराव करायची, पण घाई झाली की अनिमेष मराठीवर यायचा. रुचिताने यादीतलं एखादं काम पुकारलं की तो लगेच म्हणायचा, "केलं." आणि त्याचं बोट तेव्हा भलतीकडेच कुठेतरी असायचं. मग ते सावकाश फिरत फिरत योग्य बटणापाशी यायचं. पहिले दोन दिवस रुचिता गप्प बसली, म्हणजे तिच्या मानाने गप्प. तिसऱ्या दिवशी तिने चाकं खाली घ्यायचं काम पुकारलं. "केलं, केलं," अनिमेष म्हणाला आणि मोबाइलकडे हात नेला.

"कुठे केलंस?"

"अगं, केलं म्हणजे करतोय."

"केलं म्हणजे केलं. करतोय म्हणजे करतोय. दोन वेगळे शब्द आहेत ते."

"तू पण ना, शब्दात पकडतेस. सगळेच असं बोलतात. तू कोणाला 'आलेच' म्हणून सांगतेस तेव्हा पोचलेली असतेस का?"

"मी असं बोलतच नाय कधी."

हे खरं होतं. सबंध कल्याण-डोंबिवलीत हे वाक्य छातीवर हात ठेवून म्हणू शकेल अशी बहुधा ती एकटीच. आवाज चढले तशा मंदाकिनीबाई आत आल्या. प्रकरण काय ते ऐकलं आणि त्यांच्यातली प्राध्यापिका जागी झाली.

"त्याचं व्याकरण अगदी शुद्ध आहे, रुचिता. क्रिया लगेच घडणार असेल तर आपण भूतकाळाचं रूप वापरतो. 'तू हो पुढे, मी आलोच.' याला संनिहित भविष्यकाळ म्हणतात. ही आपल्या भाषेची लकब आहे."

"काकू, विमान जमिनीला टेकायला आलंय आणि चाकं संनिहित भविष्यकाळात आहेत. चालेल?"

बाईंचा चेहरा पडला. व्याकरणाचा असा अपमान त्यांच्या घरात आजवर झाला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चहाची बशी गेली. आणखी दोन दिवसांनी कपही गेला आणि भांडीवालीच्या चहासोबत केलेला चहा स्टीलच्या पेल्यातून आला. रुचिताने तो पेला बघितला, पेल्याकडून बाईंकडे बघितलं आणि चहा तसाच ठेवला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण चाळणी दोघांची होती.

तिथून जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणायचं की युद्ध, हे ज्याचं त्याने ठरवावं. रुचिताने स्टीलची पट्टी आणली. काम व्हायच्या आधी 'केलं' आलं की पट्टी टेबलावर खाडकन. "खोटं." पुन्हा 'केलं', पुन्हा खाडकन. "खोटं." अनिमेष दातओठ खायचा. मग त्याने तिचे उच्चार पकडायला सुरुवात केली. ती 'वेदर' म्हणाली की तो तिच्याच सुरात म्हणून दाखवायचा आणि वर विचारायचा, "हे डोंबिवली कॉलिंग का?" तिच्या कानशिलापर्यंत लाल रेघ चढायची. ती तोच शब्द आरशासमोर उभी राहून रात्रंदिवस घोकायची, त्याच्या नावाने बोटं मोडत. तो तिला हेडमास्तर म्हणायचा. ती त्याला बाळ म्हणायची. दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं, आणि गंमत अशी की दोघांचाही अभ्यास झपाट्याने सुधारला.

हळूहळू पट्टी वाजेनाशी झाली. अनिमेषच्या तोंडून 'केलं' पार गेलं. ठरलेला शब्द, ठरलेल्या जागी, सावकाश, स्पष्ट. रुचिता त्याच्या ओठांकडे मांजरीसारखी टक लावून बसायची, कधी निसटतंय आणि कधी मी झडप घालतेय. निसटेनाच. तिला विजयही वाटला आणि थोडं चुकल्याचुकल्यासारखंही. घरी येऊन वडिलांना म्हणाली, "सरळ केला बाबा त्याला."

महिपत म्हणाले, "माणूस बरा आहे का पण?"

"माणसाचं काय करायचंय मला?"

चाळणीच्या दिवशी दोघं वेगवेगळी आली आणि एकमेकांकडे न बघता शेजारी बसली. केंद्रातल्या खोलीत कॉकपिट होतं ते कागदी पुठ्ठ्यांचंच, फक्त खऱ्या मापाचं. ज्या बटणावर बोट ठेवाल ते दाबलं असं धरायचं. मागे खुर्ची टाकून बसले होते कॅप्टन गुरुदत्त कामत. केस पांढरे, आवाज हळू, आणि डोळ्यांत दयामाया नावाला नाही. रुचिताला बघताक्षणी आवडले.

सुरुवात झकास झाली. उड्डाणाआधीच्या याद्या लोण्यासारख्या झाल्या. विमान रुचिता उडवतेय आणि अनिमेष तिला मदत करतोय असं ठरलं होतं. हवेत चढल्यावर कामत मागून म्हणाले, "दोन नंबरच्या इंजिनाला आग."

ही कामं तोंडपाठ असावी लागतात, यादी काढायला वेळ नसतो. रुचिताने पेटलेल्या इंजिनाचं दांडकं पुकारलं, अनिमेषने बघून होकार दिला, तिने ते मागे ओढलं. आता त्या इंजिनाचा मुख्य स्विच, म्हणजे मास्टर, बंद करायचा. असे दोन स्विच शेजारी शेजारी असतात, एक आणि दोन. मदतनीसाने त्यावर बोट ठेवायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं. उडवणाऱ्याने ते बोट बरोबर जागी आहे ना ते बघायचं, मग 'कन्फर्म्ड' म्हणायचं. त्यानंतरच स्विच बंद.

"मास्टर टू. कन्फर्म?" अनिमेष म्हणाला.

शब्द न शब्द बरोबर. रुचिता त्याच्या ओठांकडे बघत होती. 'केलं' येतंय का. आलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"कन्फर्म्ड," ती म्हणाली.

"मास्टर टू, ऑफ."

कामत मागून म्हणाले, "बोट काढू नका, मिस्टर प्रधान. आहे तिथेच राहू दे. आता दोघंही खाली बघा."

बोट एक नंबरवर होतं.

"दोन नंबर जळतंय. चांगलं चालणारं एक नंबर तुम्ही बंद केलंत," कामत तशाच हळू आवाजात म्हणाले. "मागे दोनशे माणसं आहेत. पुढचं काम पुकारा, मिस मांडवकर."

रुचिताने पुढचं काम आठवून बघितलं. दोन्ही इंजिनं गेल्यावर पुढचं काम नव्हतंच. अनिमेषचं बोट अजून एक नंबरवरच होतं.

कामतांनी दोघांना वेगवेगळं आत बोलावलं. आधी अनिमेष गेला. बाहेरच्या बाकावर बसून रुचिताने वाक्य तयार केलं, घासलं, पुसलं. तो आता आत बसून आपल्यावर ढकलणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तो बाहेर आला, नजरेला नजर न देता पुढे गेला. ती आत गेली.

"काय झालं? एका वाक्यात सांगा."

"सर, त्याने चुकीच्या स्विचवर बोट ठेवलं आणि मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला."

कामतांनी चष्मा काढला. "मिस्टर प्रधान म्हणाले, 'माझं बोट घसरलं, पण तिने कन्फर्म्ड म्हटलं आणि मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.' छान. विश्वासाची नुसती रेलचेल आहे. तुम्ही दोघं दारातून आत आलात तेव्हा मला वाटलं, कोर्टात घटस्फोटाला आलीयेत."

रुचिता खुर्चीच्या कडेला बसली.

"तो बोट ठेवून थांबला होता. तुम्ही त्या वेळी काय बघत होतात?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्याचं तोंड."

"का?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. 'केलं', पट्टी, खोटं, संनिहित भविष्यकाळ. सांगता सांगता तिला वाटलं कामत हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे तुम्ही विमान उडवत नव्हतात," ते म्हणाले. "तुम्ही त्याला पकडत होतात."

कोणी मुस्कटात मारली असती तर तिने उलट मारली असती. हे परतवता येईना. ते खरं होतं, आणि खऱ्यापुढे तिची मात्रा कधीच चालत नसे. सबंध महिना तिने त्या पोराची जीभ सरळ करण्यात घालवला होता आणि बोटाकडे बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही तिला राग आला.

"सर, मला दुसरा पार्टनर द्या."

"तेही तेच म्हणाले. मिळणार नाही. तुमच्यातल्या एकेकाला दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसवायचं म्हणजे आणखी दोन माणसांचं वाटोळं. या बॅचला तुम्ही नाही. पुढची लागेल तेव्हा दोघं मिळून या."

घरी आल्यावर हौसाबाईने विचारलं नाही, चेहरा बघून फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. महिपत मात्र चपला घालून तडक दौलतदादांकडे गेले. तो फ्लेक्स काढा म्हणाले, पोरीला त्रास होतोय.

"काढला समजा, काका," दौलतदादा म्हणाले.

तो अजून तिथेच आहे.

चार दिवस रुचिता त्या खुर्चीत बसली नाही. कपाटाचं दार उघडंच असायचं आणि महिपतांना हवे ते शर्ट मिळत होते. मग तिने अनिमेषला एक ओळ पाठवली. 'अभ्यास करायचाय तर ठाकुर्लीला ये. मी बाळकुमला येणार नाही.' उत्तर आलं नाही. रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात तो उभा होता, घामाघूम, दोन गल्ल्या चुकून आलेला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"तुझी इमारत मॅपवर नाहीये," तो म्हणाला.

"इमारत आहे तिथेच आहे. बस."

तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, खुर्ची कुरकुरली. त्याने खोक्यातल्या कलथ्यांकडे बघितलं आणि काहीतरी बोलायचं गिळलं. रुचिताने कपाटाची दारं ओढून घेतली, शेजारी बसली. माफी कोणी मागितली नाही. गेल्या खेपेचं नाव कोणी काढलं नाही.

"दोन नंबरला आग," ती म्हणाली.

दांडकं झालं. अनिमेषने हात पुढे नेला, कागदावर बोट टेकवलं आणि मान वळवून थेट तिच्याकडे बघितलं. नजरेत जुनं सगळं होतं, बाळ आणि हेडमास्तर, पट्टी आणि डोंबिवली कॉलिंग.

"मास्टर टू," तो म्हणाला, अगदी स्पष्ट, अगदी सावकाश. "कन्फर्म?"

रुचिताने त्याच्याकडे बघितलं नाही. ती खाली बघत होती. बोट एक नंबरवर होतं, आणि या वेळी ते घसरलेलं नव्हतं. मुद्दाम ठेवलेलं होतं, दाबून.

"नाही," ती म्हणाली.

त्याने बोट उचललं आणि शेजारच्या स्विचवर ठेवलं. तिने वाकून, नीट निरखून बघितलं.

"आता हो. पुन्हा पहिल्यापासून घे," ती म्हणाली, आणि त्याने घेतलं.